मुराळी निघालेली टोपली

मी एक जुनी टोपली आहे. वेताची नाही, बांबूची नाही, प्लॅस्टिकची तर मुळीच नाही. मित्रांनो, मी कागदाची आहे. हसू नका. कागद फाटतो, भिजतो, जळतो हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जळायला निघालेल्या कागदातूनच माझा जन्म झाला.

तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटचं आमचं घर. घरधनी शिवलिंगप्पा, म्हणजे आप्पा, आणि त्यांची बायको मल्लम्मा. त्यांची लेक श्रीदेवी हिनं आप्पांनी ठरवलेलं स्थळ नाकारलं आणि ढोकीच्या साखर कारखान्यातल्या एका फिटरशी स्वतःच्या मनानं लग्न केलं. त्या दिवशी आप्पांनी तिच्या शाळेच्या वह्या, चित्रं, एकुलता एक फोटो असं सगळं अंगणात ढीग करून टाकलं आणि बायकोला म्हणाले, "चुलीत घाल."

मल्लम्मा "व्हय" म्हणाली. आणि सगळं उचलून परसातल्या पाण्याच्या हौदात घातलं.

कागद भिजून मऊ झाला. मग तिनं भिजवलेली मेथी घातली आणि उखळात कांडून कांडून त्याचा लगदा केला. पालथ्या घागरीवर तो लगदा थापला. मी अशी घडले. पण काही पानं तिनं कांडली नाहीत. तिला वाचता येत नव्हतं. ज्या पानांवर लाल शाई दिसली ती चांगलीच असणार, बाईंनी शाबासकी दिली असणार, असं धरून तिनं ती पानं अख्खी ठेवली आणि माझ्या अंगावर चिकटवली. फोटो माझ्या बुडात, दोन थरांच्या मधोमध गेला. वरून गेरू फासला, चुन्याचे ठिपके दिले. झालं. आप्पांच्या नाकासमोर त्यांची लेक पुन्हा घरात आली.

आप्पांच्या बाजेशेजारी माझी जागा होती. माझ्यात भाजक्या शेंगा असायच्या. संध्याकाळी शेतातून आले की आप्पा न बघता माझ्यात हात घालायचे. पाहुणा आला की माझ्यावर टिचकी मारून म्हणायचे, "आमच्या मल्लम्माच्या हातची हाय. कागदाची वाटती का बघा की." मल्लम्मा चहा ओतता ओतता पदरात हसायची. गल्लीतल्या बायका माझी कृती विचारायला यायच्या. तेवढं मिरवले मी.

मग स्टीलचे डबे आले, झाकणाच्या बरण्या आल्या. माझ्या काठाला चीर गेली आणि मी माळ्यावर गेले. तिथं फुटकं सूप होतं, एक बंद पडलेला पंखा होता. उंदरांनी सुपाचा काठ खाल्ला. मला मात्र एकदाच तोंड लावलं आणि थुंकले. मेथी कडू असते, मित्रांनो.

मला खाली काढलं ते सून शिवरंजनीनं. तिची मोठी मुलगी सृष्टी शाळेत जाते, धाकटं बाळ पाळण्यात. बाळ दुपारी डोळा लावतं तेवढाच तिचा वेळ. त्या वेळात ती सृष्टीसाठी घरच्या माणसांची चिकटवही करत होती. जुन्या लग्नपत्रिकांची नक्षी कातरून चौकटी, बाळाच्या पहिल्या टोपड्याची झालर, आजीच्या इरकलीच्या काठाचा तुकडा. कातरणं ठेवायला तिला टोपली हवी होती.

एका पानावर मोकळी जागा राहिली होती. सृष्टीनं खाली नाव लिहून ठेवलं होतं, आत्या.

"आज्जी, आत्याचा फोटो कुठाय?"

आप्पा बाजेवरून म्हणाले, "ती जागा मिटव. चार फुलं चिकटव तितं."

सृष्टीनं फुलं चिकटवली नाहीत. आईकडं बघत बसली. शिवरंजनीनं माझ्या चिरेवर लावायला खळ घेतली. चीर पुसायला ओलं फडकं फिरवलं, तशी गेरूची खपली निघाली. खाली निळी अक्षरं होती आणि बाजूला लाल शेरा.

"आत्याबाई, हे काय हो?" तिनं सासूला विचारलं.

मल्लम्मानं क्षणभर आप्पांकडं पाहिलं. मग पदर खोचला. "श्रीदेवीच्या वह्या हायत. फोटो बी हाय, बुडात. पायजे तर बूड फोड."

मित्रांनो, मी आजवर वाकले नव्हते, पण फोडली गेले असते तर?

आप्पा उठून आले. मला उचललं. "तुला चुलीत घाल म्हणलो होतो न्हवं?"

"म्हणला होता. म्या घातलं न्हाय."

"आन् मला शेंगा ह्यातल्याच चारल्या?"

"व्हय. गोड लागत हुत्या न्हवं? पाहुण्यांपुढं तर तुमीच मिरवायचा."

आप्पांनी त्या पानाच्या कडेला नख लावलं. ओढलं. परत ओढलं. निघालं नाही. नखच मोडलं.

"निघंना झालाय कागूद."

"मेथी हाय ती," मल्लम्मा म्हणाली. "कडू असती, पर धरलेलं सोडत न्हाय. ल्योक असो का लेक."

आप्पा मला उजेडाला धरून उभे राहिले. लाल शेरा वाचू लागले. त्यात लिहिलं होतं, 'वर्गात बोलणे कमी करावे.'

"लाल शाईत हाय," मल्लम्मा हळूच म्हणाली. "चांगलं लिवलंय न्हवं बाईंनी?"

आप्पांनी शेरा पुन्हा वाचला. त्यांना वाचता येतं. तरी म्हणाले, "व्हय. लई चांगलं लिवलंय." आणि मला खाली ठेवून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

नागपंचमी तोंडावर आली होती. आमच्याकडं पंचमीला सासरच्या लेकीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. श्रीदेवीला कधीच मुराळी गेला नव्हता. तिचा भाऊ, शिवरंजनीचा नवरा, चांगला आहे, पण "आप्पांना इचारा" याच्यापुढं त्याचं वाक्य जात नाही. शिवरंजनीनं विचारलंच नाही. तिनं माझ्यात ज्वारीच्या लाह्या भरल्या, बाळ कडेवर घेतलं आणि उंबऱ्यावर आली.

कट्ट्यावरून आप्पा म्हणाले, "बाई कुठं मुराळी जाती का?"

"टोपली जातीय, मामा. मी नुसती धरून बसणार."

ती दोन पावलं गेली तेव्हा मागून आवाज आला, "टोपली परत पायजे. शेंगा कशात खाऊ मी?"

बाळ, लाह्या आणि मी, तुळजापूर करत, धाराशिवला गाडी बदलून ढोकीला पोचलो. श्रीदेवीनं मला हातात घेतलं आणि स्वतःचं अक्षर ओळखलं. आधी रडली. मग शेरा वाचून हसायला लागली. "वैनी, ह्यात तर बाईंनी मला रागवलंय. अव्वाला कुणी सांगितलं न्हाय?" आईला ती अव्वा म्हणते.

"मामांनी वाचून दाखवलं. चांगलं लिवलंय म्हणले."

श्रीदेवीचं हसू थांबलं. तिनं मला छातीशी धरलं.

माहेरचं भांडं रिकामं परत देत नाहीत. ढोकीच्या शेंगा भाजून, माझ्यात भरून श्रीदेवी स्वतः मला घेऊन जळकोटला आली. मल्लम्मानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आप्पा बाजेवर होते. त्यांनी मान वर केली नाही, नेहमीसारखा न बघता माझ्यात हात घातला. शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

"करपल्यात," ते म्हणाले. "तिकडं मंद जाळावर भाजत न्हाईत व्हय?"

इतक्या वर्षांत लेकीशी बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

"न्हाय आप्पा," श्रीदेवी खाली बसत म्हणाली. "तुमीच शिकवा आता. आन् मी बोलणं कमी करणार न्हाय, शेरा काय का असंना."

सृष्टीनं चिकटवही पुढं केली. मोकळ्या जागेत श्रीदेवीनं आपला पंजा ठेवला, सृष्टीनं पेन्सिल फिरवली आणि आत्यानं त्यात स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं. माझं बूड फोडायची गरज राहिली नाही. फोटो अजून माझ्यातच आहे आणि तिथंच राहील.

तर मित्रांनो, घरातला कागद रद्दीत टाकताना, जाळताना एकदा उलटून बघा. कुणाचं अक्षर आहे, कुणी लाल शेरा दिलाय. चिकटवा, कातरा, नाहीतर कांडून टोपली करा. आणि कुणी म्हणालं, ह्या माणसाची जागा मिटव, तर फुलं चिकटवू नका. जागा मोकळी ठेवा. मी पुन्हा बाजेशेजारी बसले आहे, चिरेसकट. कुणी नख लावून बघावं.