हैदरभाईंच्या थापा आणि मी

मी सीडी बोलतेय, आणि आज मला मधे कुणी टोकू नका. माझ्याबद्दल बोलणारे या महाडात पुष्कळ झालेत, पण त्यातल्या एकालाही मी धड कळलेली नाही.

मी एका जुन्या व्हिडिओ गेमची सीडी आहे. तलवारी, जादूगार, राक्षस, हरवलेलं राज्य, असला तो गेम. माझ्या देशात माझ्यासाठी दुकानांपुढे रांगा लागायच्या. इथे मला ‘तलवारवाला गेम’ म्हणतात. माझं खरं नाव माझ्या अंगावर चांगलं ठळक छापलंय, पण ते जपानीत आणि महाडात जपानी वाचणार कोण?

जपानमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून एका इंजिनिअरच्या सामानातून मी कुवेतला गेले. तो मायदेशी परत जाताना मला आणि माझ्या मशीनला जुन्या बाजारात विकून मोकळा झाला. तिथे आम्हा दोघांना हैदरभाईंनी उचललं. हे महाडचे, कुवेतमध्ये टीव्ही दुरुस्त करायचे. सुट्टीवर घरी येताना त्यांच्या बॅगेत दूध पावडरचे डबे, अत्तराच्या बाटल्या आणि एक जाडजूड ब्लँकेट होतं. त्या ब्लँकेटच्या घडीत मी. महाडच्या उकाड्यात ब्लँकेट कशाला आणलं, हा प्रश्न त्यांच्या बायको, शमसुन्निसाभाभी, त्यांना अजून विचारतात.

घरात त्यांची मुलगी होती, सुम्बुल. बाप कुवेतला असताना जन्मलेली, त्यामुळे तिच्या लेखी बाप म्हणजे फोनमधला आवाज. हा मिशीवाला माणूस दारात आला तशी ती दाराआड लपली आणि दोन दिवस बाहेर आली नाही. चॉकलेटं झाली, बाहुली झाली, काही उपयोग नाही. शेवटी हैदरभाईंनी मला मशीनमध्ये घातलं. पडद्यावर विहिरीजवळची म्हातारी आली आणि तिच्या बोलण्याची अक्षरं खाली उमटायला लागली.

दाराआडून आवाज आला, “ती काय बोलते?”

लेकीनं बापाला विचारलेला हा पहिला प्रश्न. आता यावर ‘मला वाचता येत नाय’ असं सांगायला काय हरकत होती? पण नाही. हैदरभाईंनी छाती पुढे काढली आणि म्हणाले, “ती म्हणते, तुमच्या घरात कोण लपलंय काय? त्याला भूक लागली असेल, त्याला जेवायला बोलवा.”

सुम्बुल बाहेर आली आणि त्यांच्या मांडीला टेकून बसली. त्या दिवसापासून माझ्या नशिबी थापा आल्या.

एकेक थाप ऐका. माझ्यातल्या राक्षसाची डरकाळी म्हणे कशेडी घाट चढणाऱ्या ट्रकवरून घेतलीय! जादूगाराची दाढी दुसऱ्या गेममध्ये उरली होती, ती वाया जाऊ नये म्हणून याला चिकटवली. राजपुत्राचा घोडा हळू चालतो, कारण गेम बनवणाऱ्याचं पोट दुखत होतं. अहो, घोडा हळू चालतो कारण तुमच्या मशीनमध्ये धूळ बसलीय! ती आधी पुसा!

थापा घरातच राहिल्या असत्या तर मी गप्प बसलेही असते. पण अनिल होता ना. अनिल पोलादपूरकडच्या कापडे गावचा, इथल्या एमआयडीसीत कामाला. पहिली पाळी सुटली की घरी जायची बस मिळेपर्यंत तो हैदरभाईंनी पुढे महाडातच टाकलेल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसायचा. त्यानं या सगळ्या थापा मोबाइलवरच्या गेमवाल्यांच्या ग्रुपवर टाकल्या, वर मथळा दिला, ‘तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टी’. त्या लोकांनी वाचल्या, पुढे पाठवल्या. कुठल्या तरी दूरदेशीच्या माणसानं कळवलं की हे सगळं साफ खोटं आहे.

अनिल भडकला. “हैदरभाय, हा आपल्याला शिकवतो! याने कशेडी घाट तरी बघलाय काय?”

एका वर्षी सावित्री नदीला पूर येऊन घरात-दुकानात पाणी शिरलं तेव्हा हैदरभाईंनी सगळ्यात आधी मला आणि मशीनला माळ्यावर टाकलं. ते उपकार मी विसरलेले नाही. पण चिखल उपसून होतो न होतो तोच ते गिऱ्हाइकांना सांगायला लागले, “ही सीडी सावित्रीच्या पाण्यात बुडून वर आली, हिचं प्लास्टिकच वेगळं हाय.” मी माळ्यावर जुन्या गाद्यांमध्ये शिंकत पडले होते!

आणि सगळ्यात मोठी थाप नदीची. माझ्या गेममध्ये मधोमध एक नदी लागते. काठावर नावाडी उभा असतो. तो राजपुत्राला काहीतरी विचारतो आणि दोन उत्तरं येतात, वरचं ‘हो’ आणि खालचं ‘नाही’. पहिल्यांदा हैदरभाई तिथे पोचले तेव्हा त्यांची सुट्टी संपत आली होती. सुम्बुलनं त्यांचा सदरा धरला आणि विचारलं, “हा पण जाणार?”

हैदरभाईंनी खालचं उत्तर दाबलं. नावाडी गप्प झाला. मग ते म्हणाले, “पुढे कायच नाय गो. पुढचा गेम बनवणारा माणूस लग्नाला गावाला गेला, तो परत कामावर आलाच नाय. गेम इथंच संपतो.” ते स्वतःही परत कुवेतला गेले नाहीत. इथेच दुकान टाकलं.

लेकीसाठी राहिले, चांगलं केलं. पण माझं काय? माझा अर्धा गेम नदीपलीकडे आहे. पलीकडे डोंगर आहेत, बर्फातलं शहर आहे, राजवाडा आहे. यातलं काहीही इतक्या वर्षांत या घरानं बघितलेलं नव्हतं. दर वेळी नदीपर्यंत यायचं आणि पुन्हा म्हातारीच्या विहिरीवर जाऊन बसायचं. माझा अगदी जीव विटला.

सुम्बुल मोठी झाली, नर्सिंग शिकली. मग पुण्यात जपानी शिकायला लागली, का, तर मी काय बोलते ते तिला लहानपणापासून समजून घ्यायचं होतं. तीच भाषा कामाला आली. जपानमधल्या वृद्धांच्या एका संस्थेत तिला नोकरी लागली. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

हैदरभाई ‘जाऊ नको’ म्हणाले नाहीत. त्यांनी थापांचं दुकान उघडलं. जपानमध्ये माणसं उभ्यानं झोपतात. तिथे भातात मीठ घालायला बंदी आहे. तिथली मांजरं परक्या माणसाला घरात घेत नाहीत.

“अब्बा, हे कुणी सांगितलं?”

“कुवेतला एक जपानी इंजिनिअर होता.”

तो इंजिनिअर ह्यांच्याशी कधी एक शब्द बोलला नाही. मी साक्षीला आहे!

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून हैदरभाई जेवायला घरी आले. जेवण झाल्यावर सुम्बुलनं मला मशीनमध्ये घातलं आणि पहिल्याच पडद्यावरचं माझं नाव मोठ्यानं वाचलं. “नदीपलीकडचं राज्य.”

इतक्या वर्षांनी माझं नाव कुणी घेतलं! मला रडूच यायचं बाकी होतं. भाभी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “घ्या. नावातच पलीकडचं हाय, आणि तुम्ही इकडंच फिरवलंत आम्हाला.”

मग सुम्बुल विहिरीपाशी गेली. “ही म्हणते, पाणी गोड आहे, पिऊन जा.”

“मग जेवायलाच बोलवते ना? एकच झालं,” हैदरभाई म्हणाले.

आता हिनं एकेक थाप उघडी पाडावी म्हणून मी वाट बघत होते. ट्रक, दाढी, घोडा, सगळ्याचा हिशोब व्हायला हवा होता. पण सुम्बुल तिथे थांबलीच नाही. ती सरळ नदीवर गेली, नावाड्यासमोर उभी राहिली आणि रिमोट तिनं बापाच्या हातात दिला.

“अब्बा, हा काय म्हणतो ते वाचू?”

हैदरभाई पडद्याजवळ सरकले. तिनं वाचलं, “पलीकडे जायचंय का? माझी नाव रोज जाते आणि रोज परत येते.”

“परत येते असं लिहिलंय?”

“लिहिलंय.”

“माझ्याशी खोटं नाय ना बोलत गो?”

घरात खोटं कोण बोलतं, ते कुणीतरी यांना सांगा! सुम्बुल हसली, पण तिचे डोळे भरले होते. “नाही अब्बा. शब्दन्‌शब्द तसाच आहे.”

होता. मी खात्रीनं सांगते, तसाच होता.

हैदरभाईंनी रिमोट सदऱ्याला पुसला. मग वरचं उत्तर दाबलं. पडदा काळा झाला. माझ्या अंगावर तिथेच एक ओरखडा आहे, आणि तो भाग आजवर कधी फिरलाच नव्हता. मी घरघरले, अडकले, पुन्हा फिरले. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली तिथेच दगा दिला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. शेवटी एकदाचा पलीकडचा काठ दिसला. उंच झाडं, धुकं, आणि एक वाट वर डोंगराकडे जाणारी.

“हे कुठलं झाड हो अब्बा?” सुम्बुलनं लहानपणीच्या सवयीनं विचारलं.

हैदरभाईंनी रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. “इथलं मला कायच माहीत नाय. आता तू सांगायचं.” मग म्हणाले, “उद्या त्यांना हो कळव.”

सुम्बुल जाऊन आता बरेच दिवस झाले. मी मशीनमध्येच आहे. दुकानातून आले की हैदरभाई मला लावतात, पलीकडच्या काठावर राजपुत्राला उभं करतात आणि बघत बसतात. मधे अनिल येऊन गेला. त्यानं त्या झाडांबद्दल विचारलं, तर हे म्हणाले, “सुम्बुलला विचारून सांगतो.” या माणसानं तोंड मिटावं म्हणून मी किती वर्षं चरफडले, आणि आता मिटलंय तर मला करमत नाही.

हैदरभाई, ऐका ना. त्या झाडाचं काहीतरी सांगा. खोटं चालेल.