निरोगी सात

राईली माझ्या डोळ्यांत बघू लागली, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फिनलंडमध्ये, आमच्या तुर्कू शहरात, कॉफी पिताना माणसं कपात बघतात, फार तर खिडकीबाहेर नदीकडे बघतात. समोरच्याकडे टक लावून कुणी बघत नाही. त्यात राईली म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात अबोल बाई. जन्मभर रक्ताच्या नळ्यांशीच काय ते बोललेली. आणि ती शरदापासून रोज सकाळी माझा चेहरा न्याहाळत होती.

"झोप लागते ना रे नीट?" असंही विचारायची. एकदा तर म्हणाली, "आन्तेरो, डॉक्टरकडे जाऊन ये एकदा."

हिला मला इथून हलवायचंय, असं मी मनाशी म्हटलं. कारण त्याच आठवड्यात आमची प्रमुख, सोल्वेग, हिने मला एका गोंधळाचा छडा लावायचं काम दिलं होतं.

आमचे प्रकल्प अनेक आणि प्रत्येकाची नोंदी ठेवायची तऱ्हा वेगळी. आजारी रक्ताशी ताडून बघायला निरोगी रक्त लागतं. ते आम्ही कर्मचारीच देतो, दर वसंतात. राईली ते काढते आणि नळीवर गुप्त क्रमांक घालते. कुणाचा कोणता, हे तिलाच ठाऊक. आपला क्रमांक किंवा निकाल आपल्यालाही कळवायचा नाही, असं आम्ही लिहून दिलेलं आहे. त्यातला 'निरोगी सात' बिघडला होता. यकृत कुरकुरू लागलं की वाढणारं एक प्रथिन त्यात चढत चाललं होतं.

"कुणीतरी नळ्यांची सरमिसळ केलीय," सोल्वेग कडाडली. "माझं सगळं संशोधन नासवलं ह्या सातने! कोण ते शोध. नाव कळलं की घरी पाठवते त्याला."

मी सगळ्या नोंदी एका ग्राफ डेटाबेसमध्ये आणायला घेतल्या. त्यात प्रत्येक नळी म्हणजे एक ठिपका, आणि तिचं जे जे झालं त्याची एकेक रेषा: कोणत्या नळीतून ओतली, कोणत्या फ्रीजरात ठेवली, कुणी तपासली. एका प्रकल्पातला 'निरोगी सात' दुसऱ्यात नुसता 'नि-७' असायचा. दोन्ही एकच आहेत हे ओळखून जोडणारा कोड लिहिता लिहिता मी जेरीस आलो. त्या दिवसांत तसाही मी लवकर दमायचो.

गुरुवारी सगळे खाली वाटाण्याचं सूप प्यायला गेले असताना जोडणी पुरी झाली. सातभोवती रेषांचं जाळं उमटलं. त्यात तीन तपासण्या कोणत्याच प्रकल्पाला जोडलेल्या नव्हत्या. त्या कुणी सांगितल्या नव्हत्या आणि कुणाला कळवल्याही नव्हत्या. तिन्ही रेषा एकाच नावाला जाऊन मिळत होत्या. राईली.

खरं सांगतो, मला आनंद झाला. बर्फावर घसरून माझा पाय मोडला होता, त्या वसंतात मी घरीच पडून होतो आणि हीच बाई सुपाचा डबा घेऊन यायची. तेव्हा किती भली वाटली होती! आता मला त्या सुपातही डाव दिसू लागला.

ती वर आली तसा मी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे काय?"

"तपासण्या."

"चोरून केलेल्या! सरमिसळ तूच केलीस आणि मग गुपचूप निस्तरत बसलीस."

मग तिला पुरती पकडायला मी आणखी एक प्रश्न टाकला: सात कुणाकुणाच्या हातून गेला? उत्तर आलं आणि माझा ताव उतरला. हात वेगळे, फ्रीजर वेगळे, यंत्रं वेगळी, तरी आकडे सगळीकडे सारखेच चढत होते. ते फक्त एका गोष्टीबरोबर वाढत होते, रक्त कधी काढलं त्याबरोबर. नळी जितकी नवी, तितका आकडा मोठा.

"म्हणजे नळ्या बरोबर आहेत," मी म्हणालो. "माणूसच आजारी आहे."

"हं."

"कोण?"

"सांगता येत नाही. सही केलीय मी. शरदातच नैतिकता समितीला लिहिलंय, सांगू द्या म्हणून. अजून विचारच करताहेत मेले."

"अगं, तो रोज इथे येतो, आपल्याबरोबर कॉफी पितो, आणि तू मूग गिळून बसलीस?"

"मूग गिळून?" तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "डॉक्टरकडे जा, डॉक्टरकडे जा म्हणून घसा कोरडा पडला माझा! ऐकायला नको त्या बैलाने?"

मी पडद्याकडे वळलो. सातची नळी दर वसंतात होती. एकच वसंत रिकामा होता, माझा पाय प्लास्टरमध्ये होता तो.

मला भीती वाटली.

"माझे डोळे..." मी म्हणालो.

"अजून पिवळे नाहीत. रोज बघते."

"आणि ते तीनदा तपासणं?"

"वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल." तिने नाक पुसलं. "चुकलं असतं तर बरं झालं असतं."

तेवढ्यात सोल्वेग दारातून डोकावली. "सापडला का?"

"सापडला," मी म्हणालो. "घरी नको पाठवूस. दवाखान्यात जायचंय मला."

राईलीने खुंटीवरचा माझा कोट आणून हातात दिला. "माझ्या बहिणीकडे दोनची वेळ आहे. चांगली डॉक्टर आहे ती," ती म्हणाली. "शरदापासून दर गुरुवारी मी ती तुझ्यासाठी राखून ठेवते."