रेणापूरला ठेवलेला चहा

आमचं अहमदपुरात भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पातेलं घेताना ते बोटानं वाजवून बघतं. मी माणसंही तशीच वाजवून बघते. आमचे हे, शंकरप्पा, म्हणतात, "शरणम्मा, तुला डोळे दिलेत ते संशय घ्यायलाच." म्हणू देत. त्यांच्या गळ्यात आजवर तीनदा खोटा माल मारला गेलाय, माझ्या एकदाही नाही.

माझ्या लेकासाठी, रुद्रेशसाठी, रेणापूरची मंजुश्री बघितली होती. मुलगी शिकलेली, घर आपल्यातलंच. फक्त मठाच्या स्वामींनी लग्नाची तिथी काढायची राहिली होती. बांगड्यांचं माप घ्यायला म्हणून आम्ही दोघं नवराबायको पुन्हा गेलो. चहा समोर आला आणि तेवढ्यात दारात एक पांढरी जीप थांबली. एक बाई निळी पेटी घेऊन उतरल्या. मंजुश्री कुणी न बोलावता उठून आतल्या खोलीत गेली आणि थोड्या वेळानं कोपराशी कापूस दाबत बाहेर आली.

"कोण ह्या?" मी विचारलं.

"नांदेडच्या डॉक्टरीणबाई हायत," तिची आई महादेवी म्हणाली. "काविळीवर संशोधन करतात. वर्साला एकदा येतात."

"दर वर्साला? धडधाकट पोरीचं रक्त कशाला लागतंय?"

महादेवी नुसती पदर सारखा करत राहिली. मी कप जसा आला होता तसाच खाली ठेवला आणि उठले.

जीपवर प्रयोगशाळेचं नाव होतं, ते मी वाचून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी एकटीच एसटीनं नांदेड गाठलं. निळ्या पेटीच्या त्या बाईंचं नाव डॉ. वर्षाराणी. मी सरळच विचारलं, "रेणापूरच्या पोरीला काय रोग हाय?"

"ते मी सांगू शकत नाही."

"माझी सून व्हायचीय ती!"

"तरीही नाही. सांगायचं असेल तर ती स्वतः सांगेल."

लपवतात म्हणजे लपवण्यासारखं आहे, एवढं मला कळतं. माझं डोकंच फिरलं. "मग एवढं रक्त नेऊन करता काय? विकता?"

बाई चिडल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "काविळीचा एक विषाणू असतो, हिपॅटायटिस बी. एकाच आईकडून तो दोन मुलांना होतो. एक मूल त्याला हाकलून लावतं आणि पुन्हा तो त्याच्या वाटेला जात नाही. दुसरं त्याला आयुष्यभर अंगात बाळगतं, पुष्कळदा पत्ताही नसतो. हा फरक त्यांच्या जनुकांत कुठे आहे ते आम्ही शोधतोय. लिव्हर खराब व्हायच्या आधीच कुणाला जपायला हवं, ते त्यावरून थोडंफार कळायला लागलंय."

"मग माझंबी घ्या!" मी बाही वर सारली. "आमच्या घरात लपवायसारखं काहीच न्हाई."

त्यांनी संमतीचा कागद वाचून दाखवला. रागाच्या भरात मी तो अर्धाच ऐकला आणि सही ठोकली.

दहा दिवसांनी फोन आला, समक्ष या म्हणून. मला वाटलं, आली वठणीवर, आता सगळं सांगणार. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, हे तुमच्याबद्दल आहे."

विषाणू माझ्याच अंगात होता, कित्येक वर्षांपासून. जेवणातून, चहापाण्यातून तो पसरत नाही, रक्तातून पसरतो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. मग रुद्रेशला नेऊन त्याचंही रक्त तपासलं. त्याच्याही अंगात निघाला. म्हणजे मीच दिलेला. तो निकाल ऐकून त्याच खोलीत मी मोठ्यानं रडले, आणि मला लाज वाटली नाही.

निघताना विचारलं, "रेणापूरला सांगणार तुम्ही?"

"तेही मी सांगू शकत नाही."

ज्या वाक्याचा मला एवढा संताप आला होता, तेच वाक्य घट्ट धरून मी घरी आले.

पुढच्या आठवड्यात पांढरी जीप आमच्या दारात थांबली, घरातल्या बाकीच्यांचं रक्त घ्यायला. समोरचा संगमेश्वर दुकानातून उठून आला. "वैनी, नांदेडची गाडी तुमच्याकडं कशी?"

"भांडी बघायला आलेत," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं तरी वाटायचं, ह्याला कळलं. शंकरप्पा म्हणाले, "लगीन होईपतुर गप ऱ्हा." पण खोटा माल मी कधी घेतला नाही, तो आता कुणाच्या गळ्यात कसा मारू? मी महादेवीला बोलावून घेतलं.

ती एकटीच आली. मी चहा तिच्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, माझं आणि रुद्रेशचंही. बोलत होते तिच्याशी, पण डोळे होते कपावर. त्याच्यावर साय धरली होती.

"तुमी त्या दिशी चहा ठेवून उठलात, तवाच मला समजलं, तुमाला संशय आला म्हणून," महादेवी म्हणाली. "मलाबी हाच रोग हाय. मंजीच्या भावालाबी. बावीस वर्सं झाली, माणूस चहा पितंय का ठेवतंय, तेच बघून राहिले मी."

"आन् मंजुश्री?"

"तिनं ल्हानपणीच त्याला हाकलला. आता तिला धरत न्हाई तो. म्हणून तर डॉक्टरीणबाई येतात."

जिच्यात खोट काढून मी चहा ठेवून उठले होते, तिलाच माझ्या लेकापासून कसलंही भय नव्हतं.

"रुद्रेशरावांनी मंजीला परवाच फोनवर समदं सांगितलं," ती पुढे म्हणाली.

मी तिच्यासमोर येऊन बसले. "मग काय म्हणली ती?"

महादेवीनं बोटानं साय बाजूला केली आणि कप उचलला. "म्हणली, आई, तू जा. आन् चहा पिऊन ये."