हयातीचे चार प्रश्न

आमचे हे निवृत्त होऊन वर्ष झालं, पण त्यांचं आभाळ काही निवृत्त झालं नाही. नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीवरून विमान गेलं की शत्रुघ्न ओट्यावरच्या खुर्चीतून मान वर करतात आणि सांगतात, हे दोह्याचं, हे अहमदाबादचं, ह्याला उगाच एक फेरी जास्त मारायला लावली. मी केळीची सुकलेली पानं कापत असते. मी म्हणते, बरं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, जिभेला आता 'बरं'चंच वळण पडलंय.

चौतीस वर्षं ते मुंबईच्या विमानतळावर कंट्रोलर होते. विमानांना कुठून यायचं, किती उंचीवर थांबायचं, कधी उतरायचं, ते सांगायचं काम. सांगितलेलं वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, ते नीट ऐकायचं, मगच पुढे जायचं. म्हणून दाखवलं नाही, तर सांगितलंच नाही असं धरायचं. ही सवय घरातही आली. दुकानातून काय आणायचं ते मी सांगितलं की हे दारात उभे राहून म्हणायचे, "अर्धा किलो गूळ, वातींचं पाकीट, पावाची लादी." मी 'बरोबर' म्हटल्याशिवाय पायात चप्पल घालायचे नाहीत. मुलं, निधी आणि प्रितेश, फिदीफिदी हसायची. पण एवढ्या वर्षांत गूळ आणायचा कधी राहिला नाही, हेही खरं.

गेल्या महिन्यात त्यांना परदेशातून बोलावणं आलं. दोन वर्षांचा करार. देशाचं नाव मी सांगत नाही, तशी अटच आहे त्यांची. तिथली लढाई थांबलीय म्हणतात, पण अधूनमधून एखादं रॉकेट विमानतळाच्या भिंतीवर येऊन पडतं. कंट्रोलरांनी भिंतीच्या आत लोखंडी खोल्यांत राहायचं, टॉवरवर जाताना हेल्मेट घालायचं, बाजारात पाय ठेवायचा नाही. ह्यांचे जुने सोबती हिलरी सहा महिन्यांपासून तिथे आहेत. त्यांची बायको फेलिशिया मला देवळाच्या वळणावर भेटली, तर म्हणाली, "त्याचा फोन आला का मी पयला पाठचा आवाज ऐकते गो, धमाका तर नाय ना. काय बोलतो ते मागाहून."

मी घरी येऊन तिचं बोलणं सांगितलं नाही. हे म्हणाले, "तिथं मानसं कमी पडतात, शकू. इथं मी नसलो तर कोनाला कमी पडतो?"

मला वाईट वाटलं आणि रागही आला. मग ह्यांनी विचारलं, "जाऊ?" मी म्हटलं, "बगा, तुमाला काय वाटतं ते."

असं बोलण्याची माझी जुनी खोड आहे, आणि ती मला लावली मनोरमाबाईंनी. त्या ह्यांच्या साहेबांची बायको. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा स्वयंपाकघरात नेऊन मला म्हणाल्या, "ड्युटीवर निघालेल्या माणसाच्या डोक्यात घरचं काही भरायचं नाही. त्याच्या भरवशावर शेकडो माणसं वर बसलेली असतात." मी बावीस वर्षांची. धसकाच घेतला मी. तेव्हापासून ह्यांची रात्रपाळी झाली की दिवसा हे झोपलेले असताना घरात मुलांनी अनवाणी चालायचं, कुकरची शिट्टी मी चिमट्याने उचलून धरायची, आणि मिक्सर लावायला शेजारच्या सुझानकडे जायचं. चटणीचं भांडं घेऊन अजून जाते. सुझान म्हणते, "आता कोनची ड्युटी गो?" मी हसते आणि वाटून आणते.

नोकरीचा फॉर्म एकतीस पानांचा होता. निधीने, आमच्या मुलीने, माणिकपूरला तिच्या ऑफिसात छापून आणला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं भरायला बसलो. सत्ताविसाव्या पानावर निधी थांबली.

"पप्पा, हे काय आहे? प्रूफ ऑफ लाइफ?"

ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि अगदी सहज सांगितलं, पगाराच्या पावतीबद्दल सांगावं तसं. कोणी पळवून नेलं, तर माणूस जिवंत आहे की नाही हे कळायला चार प्रश्न विचारतात. प्रश्न आपणच आधी लिहून द्यायचे. उत्तरं दोघांनाच ठाऊक असलेली हवीत, नवऱ्याला आणि बायकोला. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायची, मग ताडून बघायची.

"म्हंजे हयातीचा दाखला," मी म्हटलं. "पेन्शनीला नोव्हेंबरात देता तसा."

"तसाच," ते म्हणाले. "फक्त बँकेत जायला नको."

कोणी हसलं नाही. त्यांनी चार प्रश्न लिहिले. मी माझा कागद घेऊन चुलीपाशी बसले, ते ओट्यावर. मग निधीने दोन्ही कागद शेजारी धरून मोठ्याने वाचायला घेतले.

"पहिला. वाडीत विहीर खोदली तेव्हा आत काय पडलं होतं? पप्पा, चष्मा. मम्मी, आज्याचा चष्मा. ओके, मॅच!" ह्यांचा चेहरा खुलला.

"दुसरा. प्रितेशचा हात कुठे मोडला? पप्पा, शाळेच्या मैदानात. मम्मी..." निधीने माझ्याकडे बघितलं. "विहिरीच्या कठड्यावरून पडून."

"विहिरीच्या?" हे म्हणाले.

मला उत्तर खोटं लिहिता आलं असतं. पण जीव ज्याच्यावर अडकायचा, त्या कागदावर हात खोटं लिहीना. मी सांगितलं, "तुमी रातपालीला निघाला होता. पोरगा विहिरीत जाता जाता वाचला, हे सांगितलं असतं तर तुमी तिथं काय केलं असतं? म्हनून शाळेचं नाव घेतलं."

निधीने पुढचं वाचलं, पण हळू. "तिसरा. मम्मी माहेरी गेली होती, तेव्हा आठ दिवस पप्पा काय जेवले? पप्पा, सुझानच्या घरचा डबा. मम्मी, सुझानच्या घरचा डबा." तिने श्वास सोडला. "मॅच."

"मॅच नाय," मी म्हटलं.

आता का बोलले, कोण जाणे. दमले होते मी. इतकी वर्षं चांगल्या बातम्या शिजवून वाढायच्या म्हणजे काय गंमत आहे? मी म्हटलं, "डबा खरा. माहेर खोटं. पोरं सफाळ्याला मामाकडं होती, मी नव्हते. मी माणिकपूरला हॉस्पिटलात होते. डाव्या छातीत गाठ होती, ती काडली. साधी निगाली. सुझान होती सोबत."

निधीच्या हातातले कागद खाली आले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, मम्मी घरीच थांबलीय असं तिला सांगितलं होतं. हे खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून तसेच बसले. वरून एक विमान गेलं. त्यांनी मान वर केली नाही.

मग म्हणाले, "मी फोनवर इचारलं होतं, तुज्या माहेरी कैऱ्या उतरवल्या का. तू सांगितलंस, दोन पाट्या भरून."

"सांगितलं."

"तिथं मला कोनी इचारलं असतं, शकू, तर मी शाळेचं मैदान सांगितलं असतं. आनि इथं सगल्यांनी धरून चाललं असतं, का मी मेलो."

माणूस शांत डोक्याने कामावर जावा म्हणून मी सगळं झाकलं, आणि झाकता झाकता त्याला त्याच्याच घराबाहेर ठेवून बसले. चूक मनोरमाबाईंची नव्हती. त्यांनी ड्युटीपुरतं सांगितलं होतं. मी त्याचा संसार केला.

"चौथा राहिलाय," निधी म्हणाली. चौथ्या प्रश्नात ह्यांनी विचारलं होतं, आपल्याला निरोप देताना शकू काय म्हणते? दोघांचं उत्तर एकच होतं. सावकाश जा.

मी उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि म्हटलं, "नका जाऊ. मला भीती वाटते. तिथं मोठा आवाज झाला का मी इथं मरेन. आनि तुमी मला कमी पडता. रोज पडता. एकतीस वर्षं पडलात."

इतकं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मला वाटलं, आता चिडतील, नाहीतर हसण्यावारी नेतील.

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघत, कामावर असताना बोलत असतील तशा सपाट, सावकाश आवाजात म्हणाले, "जायचं नाय. शकूला भीती वाटते. मी तिला कमी पडतो." मग थांबले. मी काय म्हणते त्याची वाट बघत.

"बरोबर," मी म्हटलं.

निधीने फॉर्म उचलून आत नेला. हे थोड्या वेळाने खाटेवर आडवे झाले आणि झोपले. मी खोबरं किसलं, मिरच्या घेतल्या, भांडं हातात घेऊन सुझानकडे जायला निघाले, आणि दारातून परत फिरले. चटणी मी घरच्याच मिक्सरवर वाटली.