तपासलेले पाहुणे

बेटावरच्या लोकांचा घड्याळापेक्षा ताईच्या आवाजावर जास्त भरवसा होता. धक्क्याला लागून एक छोटी खोली होती. तिथे काचेच्या खिडकीमागे, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, ताई माईक पुढ्यात घेऊन बसायची आणि खोलीच्या छपरावरचा भोंगा तिचं बोलणं बेटाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा. लाँचला उशीर आहे, समुद्र खवळलाय, कुणाचं पोर हरवलंय, कुणाला शेवटचा निरोप द्यायला किती वाजता जमायचं, सगळं तीच सांगायची. सुरुवात ठरलेली. "ऐका." बस, एवढंच. सर्दी झालेल्या पुरुषासारखा जाड आवाज होता तिचा. पाहुणे हसायचे. पण "ऐका" म्हटलं की बेटावरची माणसं हातातलं काम थांबवायची.

साथ आली तेव्हा बेटाने आपणहून दार लावून घेतलं. धक्क्यावर आडवा दोर बांधला. लाँचवाला धान्याची पोती आणि औषधं पायऱ्यांवर ठेवायचा आणि लांबूनच हात हलवून परत फिरायचा. हॉटेलांतल्या गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या, त्या उभ्याच राहिल्या. पोहण्याच्या तलावात बेडकांनी संसार थाटले. लोकांनी पोटाला चिमटा घेतला, एकमेकांचे केस कापले, कंटाळून भांडणं केली आणि कंटाळून मिटवली. पण बेटावर एकालाही तो आजार शिवला नाही.

असं वर्ष उलटून गेलं. मग बेट पुन्हा उघडायचं बोलणं सुरू झालं. ते सुरू केलं छोटूने.

छोटू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, दोन मजली गेस्टहाऊसचा मालक आणि बेटाच्या कमिटीचा अध्यक्ष. सारं बेट त्याला अध्यक्ष म्हणायचं, ताईसाठी मात्र तो छोटूच. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यात, पोहायला शिकवण्यात आणि त्याच्या तापात उशाशी बसण्यात ताईचं लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही. आता ती त्याच्याच घरात कोपऱ्यातल्या खोलीत राहायची. भावजय स्वभावाने बरी होती. तक्रार करावी असं काही नव्हतं.

शाळेच्या सभागृहात खुर्च्या लांब लांब मांडून सभा झाली. तरुण मंडळी बेट उघडा म्हणत होती, म्हातारी माणसं मान हलवत होती. मास्तर तर आतही आले नाहीत. तोंडाला रुमाल बांधून खिडकीबाहेर उभे राहिले. त्यांची छाती मुळातच नाजूक. साथ सुरू झाल्यापासून ते एकटेच घराला आतून कडी लावून बसले होते आणि लागेल ते सामान खिडकीतून टोपली सोडून वर ओढून घेत होते. अर्धं बेट त्यांच्या हाताखाली शिकलेलं, ताई आणि छोटूसुद्धा.

"पलीकडच्या धक्क्यावर तपासणीची सोय होतेय," छोटूने उभं राहून सांगितलं. "एकेका पाहुण्याच्या नाकात काडी घालून तपासणार. निकाल हातात आल्याशिवाय लाँचमध्ये पाऊल नाही. मी शब्द देतो."

"अध्यक्षांचा शब्द आहे, चांगलंच आहे," मास्तर खिडकीतून म्हणाले. "पण हे ताईने भोंग्यावर सांगू दे. मग मी कडी काढतो. ती उगाच बोलणारी नाही."

सगळे हसले. छोटूही हसला.

दुपारी जेवताना ताईने त्याला विचारलं, "छोटू, हे सगळं होणार ना नीट? माझ्या तोंडून जाणार आहे ते."

"ताई, मी तुझ्याशी कधी खोटं बोललोय?"

"लहानपणी रोज."

भावजयीला ठसका लागला. छोटूने हसत आणखी भात वाढून घेतला. "आता नाही बोलत," तो म्हणाला.

ताईने माईक हातात घेतला. "ऐका. आपल्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पलीकडे तपासून घेतलेला असेल. घाबरू नका. दारं उघडा." छोटू तिच्या मागे मोबाईल हातात धरून उभा होता. निरोप वाचत असेल, असं तिला वाटलं.

दोर सुटला. लाँच भरून आली. उतरणाऱ्यांच्या टोप्या, रंगीत बॅगा आणि त्यांचा गलका बघून धक्क्यावर उभ्या असलेल्यांचे डोळे भरून आले. दोऱ्यांवर पुन्हा पांढऱ्या चादरी वाळू लागल्या, तळणाचे वास सुटले. ताईची जिवाभावाची मैत्रीण शिंपीण, तिने दुकान उघडलं आणि ती बायकांना ब्लाऊजला जुळणारे मास्क शिवून द्यायला लागली. "आता आजारातसुद्धा मॅचिंग लागतं बाई," ती ताईला म्हणाली, आणि दोघी खूप दिवसांनी पोट धरून हसल्या. मास्तरांच्या घराच्या व्हरांड्यात खुर्ची आली. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना ते बसवून घेत. वर्षभर साठलेलं बोलणं होतं, संपता संपत नव्हतं.

एके दिवशी एक पाहुणी ताईच्या खोलीत आली. तिचा चष्मा हरवला होता. ताईने घोषणा केली, तिला खुर्ची दिली आणि गप्पांच्या ओघात विचारलं, "ती नाकातली काडी फार टोचते का हो?"

"कसली काडी?"

"तपासणीची. पलीकडच्या धक्क्यावर करतात ना?"

"छे हो. काही नाही केलं." तिने मनगटावरची हिरवी पट्टी पुढे केली. "ही बांधली आणि बसवलं लाँचमध्ये. आम्हाला तर फार आवडलं, उगाच कटकट नाही."

पाहुणीची काही चूक होत असेल, अशी ताईने मनाची समजूत घातली. मग संध्याकाळच्या लाँचने उतरणाऱ्या दोघातिघांना सहज विचारावं तसं विचारलं. सगळ्यांच्या हाताला हिरवी पट्टी होती. नाकात काडी कुणाच्याच गेली नव्हती.

ती तशीच तडक गेस्टहाऊसवर गेली. पाहुण्यांसमोर बोलणं नको म्हणून छोटूने तिला चादरी ठेवायच्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

"तपासणीचं मशीन यायचं होतं ताई. आलंच नाही. पलीकडचे म्हणाले, हंगाम झाल्यावर बघू. तोवर थांबलो असतो तर सगळे पाहुणे शेजारच्या बेटांवर गेले असते."

"हे तुला कधी कळलं?"

तो चादरींची घडी नीट करू लागला.

"छोटू, कधी?"

"सभेच्या आधी."

खाली बसायला तिथे काही नव्हतं. ताईने भिंतीला हात टेकला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू माईकवर बोलली असतीस."

"बोललेच असते."

"म्हणूनच." त्याचा आवाज चढला. "तुझ्या एका तत्त्वापायी सगळ्या बेटाने उपाशी राहायचं का? आणि माझ्या एकट्यावर कशाला डोळे वटारतेस? कमिटीला माहीत होतं. लाँचवाल्याला माहीत आहे. तुझ्या त्या शिंपिणीलासुद्धा माहीत आहे, विचार जाऊन तिला."

शिंपिणीच्या दुकानात पायाचं शिलाई मशीन चालू होतं. ताई दारात उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून शिंपिणीने पाय थांबवला.

"तुला माहीत होतं?"

"बस ना आधी."

"माहीत होतं का?"

"होतं." शिंपिणीने मान खाली घातली. "रोज सांगेन सांगेन म्हणत होते. पण तू त्या दिवशी किती हसलीस गं. इतक्या महिन्यांनी. आणि खरं सांगू? माझंही दुकान चाललं होतं."

ताई दारातूनच मागे फिरली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण सगळ्यांनी मिळून आपल्याला जेवणाच्या पंगतीतून उठवलं आणि आपल्याला कळलंही नाही, असं काहीतरी तिला वाटत राहिलं. गेले कित्येक दिवस धक्क्यावर भेटणारा जो तो तिला म्हणत होता, "छान बोललात ताई." त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं, कोण जाणे.

घरी येऊन ती छोटूला एवढंच म्हणाली, "उद्यापासून मी माईकवर बसणार नाही. आणि घरोघरी जाऊन सांगणार आहे."

"जशी तुझी मर्जी," तो म्हणाला. तो इतक्या सहज ऐकेल असं तिला वाटलं नव्हतं.

सकाळी ती स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती. बाहेर भोंगा खरखरला.

"ऐका. आपल्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पलीकडे तपासून घेतलेला असेल..."

तिच्या हातातली जुडी खाली पडली. भावजय चुलीपाशी पाठमोरी उभी होती, ती वळली नाही. ताई चपला न घालताच धक्क्याकडे धावली. खोलीला नवं कुलूप होतं. तिने काचेला नाक लावून आत पाहिलं. माईकच्या तोंडाशी छोटूचा जुना मोबाईल टेकवून ठेवला होता. तिचाच आवाज त्यातून निघत होता, छपरावर जात होता आणि सगळ्या बेटावर पसरत होता. तिने काचेवर थापा मारल्या. लाँचमधून उतरणारे पाहुणे बघत राहिले.

मग ती मास्तरांकडे गेली. सगळ्यांत आधी तिथेच जायला हवं होतं, हे तिला चढ चढताना उमगलं. मास्तर व्हरांड्यात शाल गुंडाळून बसले होते. ऊन चांगलं तापलेलं, तरी शाल.

"मास्तर, आत जा. कडी लावा. कुणालाच तपासलेलं नाही. मला फसवलं, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"काय बोलतेस?"

"खरं बोलतेय. मी ते बोलणं बंद केलंय, आता..."

तेवढ्यात भोंगा पुन्हा सुरू झाला. ताई मास्तरांपुढे उभी होती, तिचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि तिचा आवाज वरून सांगत होता की घाबरू नका, दारं उघडा.

मास्तरांनी भोंग्याच्या दिशेने पाहिलं, मग तिच्याकडे. "यातली कुठली खरी समजू?" असं म्हणताना त्यांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबली नाही. ताईने आतून पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला. पाठ विस्तवासारखी तापली होती.

त्याच दुपारी त्यांना लाँचमध्ये आडवं करून पलीकडे नेलं. ताई सोबत जायला निघाली, पण लाँचबरोबर आलेल्या डॉक्टरांनी तिला जवळ येऊ दिलं नाही. त्यानंतर गेस्टहाऊसमधली झाडूपोछा करणारी बाई पडली, मग लाँचवाला, मग शिंपिणीचा नवरा. बातमी पाहुण्यांत फुटली तसे ते आले त्याहून वेगाने निघून गेले. धक्क्यावर पुन्हा दोर बांधला गेला. दोन म्हातारी माणसं दगावली. दोघंही ताईचं ऐकूनच घराबाहेर पडली होती.

लोकांनी छोटूला काही म्हटलं नाही असं नाही, पण ते दबक्या आवाजात. कमिटीत सगळ्यांचेच हात अडकलेले. ताईला मात्र भर रस्त्यात ऐकावं लागलं. "तुझ्या भरवशावर पाठवलं होतं मी आईला बाहेर," एकजण तिच्या तोंडावर म्हणाला. मला माहीत नव्हतं, असं ती सांगू शकली असती. पण ज्यांना माहीत होतं ते आजूबाजूलाच उभे होते आणि त्यांच्यातला एकही तोंड उघडत नव्हता. तिनेही उघडलं नाही.

तिने आपले कपडे एका पिशवीत भरले. छोटू दारात आडवा आला.

"कुठे निघालीस? ताई, चूक झाली माझी. कबूल आहे ना."

"मशीन आलं नाही ही चूक. मी नाही म्हटल्यावर माझा आवाज लावलास, ती चूक नाही छोटू."

"बेटासाठीच केलं."

"मी बेटावरच राहते रे."

तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, खालचा ओठ पुढे काढून. ताईचा हात सवयीने त्याच्या डोक्याकडे उचलला गेला. तो तिने पिशवीच्या बंदाकडे वळवला आणि त्याच्या बाजूने बाहेर पडली. शाळेमागे एक खोली रिकामी होती, तिथे राहायला गेली.

मास्तर बचावले. कित्येक आठवड्यांनी ते परत आले. अर्धे झाले होते, काठी धरून लाँचमधून उतरले. ताई एका बाजूला उभी होती. पुढे व्हावं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. तेच थांबले.

"तू सांगायला आली होतीस," ते धापा टाकत म्हणाले. "तिकडे पडल्या पडल्या मला कळलं ते. तुझा दोष नाही."

ताईचे डोळे भरून आले.

"पण आता तुझा आवाज ऐकला की छातीत धस्स होतं बघ. त्याला माझा इलाज नाही. काही दिवस माझ्याशी बोलू नकोस."

तिने मान डोलावली. त्यांची पिशवी उचलली आणि चढावर त्यांच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून, एक शब्दही न बोलता त्यांच्या दारापर्यंत नेऊन ठेवली.

मास्तरांनी आत जाऊन कडी लावली.

कमिटीचं बोलावणं पुढे दोनदा आलं. भोंग्यावर कुणीही बोललं तरी आता लोक मनावर घेत नाहीत, तुम्हीच या, असं. ताई गेली नाही. तिला पलीकडच्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं आहे. तिथे यंत्रांचा एवढा आवाज असतो की दिवसभर कुणी कुणाशी बोलत नाही.