पाणी लावू नकोस

माझ्या थोरल्या बहिणीशी मी तेरा वर्षं एक शब्द बोलले नव्हते, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. काही अडलंच तर निरोप पोचवायला आमची भाची होती. ती मला शिवणआत्या म्हणते आणि थोरलीला फुलआत्या. मी कपडे शिवते, थोरली फुलांचं दुकान चालवते, आणि दोन्ही दुकानं एकाच गल्लीत, समोरासमोर. सकाळी शटर वर करताना तिचं तोंड दिसलं की माझा दिवस वाया जायचा. तिचाही जात असणार, एवढंच काय ते समाधान.

भांडण भाचीवरूनच झालं. वहिनी गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती आणि दादाची नोकरी फिरतीची, म्हणून ती माझ्याकडे आली. पाच वर्षं मी तिला न्हाऊमाखू घातलं, तापात उशाशी बसले, मशीनशेजारी बसवून पाढे पाठ करून घेतले. मग थोरलीने दादाचे कान भरले. कापडाच्या धुळीने मुलीला खोकला होतो, धाकटीची खोली एक आणि माझ्या तीन, वगैरे. एका रविवारी मुलगी बॅग उचलून गल्ली ओलांडून गेली. खोकला तिला आधीही होता आणि नंतरही राहिला.

आता तिचं लग्न ठरलं. दादाने वाटणी केली, कपडे मी शिवायचे आणि फुलं थोरलीने करायची. वरून म्हणाला, दोघी मिळून करा. दादा असले विनोद अगदी गंभीर चेहऱ्याने करतो. हॉलमध्ये पहिल्या रांगेत नवरीच्या आईवडिलांसाठी दोन खुर्च्या असणार होत्या. एकीवर दादा बसणार हे उघड होतं. आईच्या खुर्चीवर कोणी बसायचं ते नवरी स्वतः सांगणार होती, तेही लग्नाच्या दिवशी. आधी सांगितलं तर दुसरी आत्या काम टाकून घरी बसेल, असं ती दादाला म्हणाली होती. पोरगी आम्हाला ओळखून आहे.

मला ती खुर्ची हवी होती. लाज कसली सांगायला? पोटची पोर मला नाही, आणि जी होती ती पळवून नेली. निदान तासभर चार लोकांदेखत मी तिची आई म्हणून बसावं, एवढंच मागणं होतं. त्यासाठी मी जीव ओतून शिवलं. चार करवल्यांचे झगे निळसर राखाडी, आणि नवरीचा सायीच्या रंगाचा, पायघोळ, पाठीवर कापडाने मढवलेली बावीस बटणं, खालचा घेर सगळा हाताने दुमडलेला. तिचा डावा खांदा पाव इंच उतरता आहे. हे तिला स्वतःलाही ठाऊक नाही, पण मला आहे, आणि तो झगा अंगावर चढला की कोणालाही कळलं नसतं.

फुलांचे रंग जुळवायला थोरलीने करवल्यांच्या कापडाचा तुकडा मागितला. दोन निरोप मी ऐकून सोडून दिले. तिसऱ्याला एक तुकडा पाठवला, पण तो भलत्याच कापडाच्या अस्तराचा, जांभळट. जुळव म्हटलं आता त्याच्याशी फुलं. भाची संध्याकाळी परत आली आणि तुकडा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "फुलआत्याने बोटांत धरला आणि हसली. म्हणाली, हे अस्तर आहे. सगळी पांढरी लिली आणते, पांढरं कशावरही चालतं." माझा डाव असा माझ्याच टेबलावर परत आला. भाचीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही स्टेजमागच्या खोलीत होतो. खोली कोंदट, खिडकी एक, तीही रंग लावून बंद झालेली. पार्लरवाली नवरीचे केस ड्रायरने वाळवत होती आणि त्या यंत्राच्या आवाजाचा नुसता कहर चालला होता. मी गुडघ्यांवर बसून घेर सारखा करत होते. एवढ्यात थोरली लिलीचा गुच्छ घेऊन आत आली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही आणि मीही मान वर केली नाही. नवरीने गुच्छ घेतला, आरशात बघायला म्हणून छातीशी धरला आणि खाली केला, तर झग्याच्या पुढच्या बाजूला बोटभर लांबीचा केशरी पट्टा.

लिलीच्या पोटात पिवळ्या-केशरी भुकटीचे तुरे असतात. फूल उमललं की थोरली ते चिमटीने खुडून टाकते. समोरच्या दुकानात बसून मी तेरा वर्षं ते पाहत आले होते. का खुडते, ते विचारायचं तर बोलावं लागलं असतं. सकाळी तिने सगळे तुरे खुडले होते, पण एक कळी तेव्हा मिटलेली होती आणि त्या कोंदट खोलीत ती उमलली. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच आलं, की हिने मुद्दाम केलं.

"पाणी लावू नकोस," थोरली म्हणाली. "हातही लावू नकोस. कोरडंच चिकटपट्टीने उचलायचं."

ड्रायर चालू होता तरी मला शब्दन् शब्द ऐकू आला. तेरा वर्षांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली आणि तेही हुकूम सोडत. माझ्या झग्यावर डाग तसाच ठेवायचा आणि ही चिकटपट्टी शोधत हॉलभर बोभाटा करत फिरणार? डाग ताजा असताना पाण्याने काढायचा, हे मी उभ्या जन्मात शिकले. चहाचा असो, शाईचा असो, सुई टोचून सांडलेल्या रक्ताचा असो. कपड्यातलं हिला काय कळतं? मी टॉवेलचं टोक भिजवलं आणि घासलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोरडा होता तोवर डाग नुसता झटकण्यासारखा होता. पाणी लागलं तसा तो हळदीसारखा पसरला आणि कापडात मुरला. बोटभराचा तळहाताएवढा झाला. मी आणखी घासलं. शेवटी थोरलीने माझं मनगट धरून हात बाजूला केला आणि पार्लरवालीने ड्रायर बंद केला.

नवरी आरशात बघत होती. रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आता?"

थोरलीने गुच्छ मोकळा केला. एकेक फूल हातात घेऊन पुन्हा तपासलं, तुरे उरले नाहीत ना पाहिलं, देठ आखूड केले, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी ओळ लावून बघितली. डाग बरोबर झाकला जात होता. पण तारेने टोचलं असतं तर ते तलम कापड फाटलं असतं, म्हणून फुलं टाके घालूनच बसवायला हवी होती. म्हणजे मी. ती फूल धरी, मी आतून टाका घाली. तिच्या बोटांना पाण्याचा आणि पाल्याचा वास होता. ती "धर" म्हणायची, मी कापड धरायचे. "सोड" म्हणाली की सोडायचे. वीस मिनिटांत अकरा फुलं लागली, आणि एकदा मी तिच्या अंगठ्यात सुई घातली. चुकून. तिने हूं की चूं केलं नाही, ह्याचाही मला राग आला.

झगा आधीपेक्षा सुंदर दिसत होता, हे मला कबूल करायला हवं. शेवटचा टाका तोडला तेव्हा नवरी वळली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "आईच्या खुर्चीवर मी तुलाच बसवणार होते, शिवणआत्या. पण मघाशी फुलआत्या काहीतरी म्हणाली, मला ड्रायरमध्ये नीट कळलं नाही. काय म्हणाली? तू ऐकलंस आणि तरी घासलंस का?"

तिला तो अस्तराचा तुकडा आठवत होता. तिच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं. हो म्हटलं असतं तर खुर्ची गेली असती.

"मला काही ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

नवरीने थोरलीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिच्या हातात गुच्छाची उरलेली तार होती आणि ती बोटाभोवती गुंडाळत होती. आता ही सगळं ओकणार, आणि पार्लरवाली साक्षीला आहेच.

"मी काही बोललेच नाही," थोरली म्हणाली. "पाणी लावायचं नसतं हे मला माहीत होतं, पण वेळेवर सुचलं नाही. माझी चूक."

पार्लरवालीने भुवया वर केल्या आणि ड्रायरची वायर गुंडाळू लागली. मग नवरीने माझा हात धरला आणि म्हणाली, "बस मग बाबांशेजारी."

ती दादाबरोबर पुढे गेली. मी थोरलीला पॅसेजमध्ये गाठलं. रिकामी बादली घेऊन ती मागच्या दाराकडे निघाली होती. तेरा वर्षांत मी तिच्याशी पहिल्यांदा बोलले ते असं, "खोटं का बोललीस?"

"आज तिची एक आत्या खोटारडी ठरण्यापेक्षा एक बावळट ठरलेली बरी," ती म्हणाली. "आणि तुझ्यासाठी नाही हं. गैरसमज नको." बादली तिने दुसऱ्या हातात घेतली आणि गेली.

मी जाऊन बसले. दादा कानाशी वाकून म्हणाला, काय फुलं बसवली आहेत झग्यावर, वा. मागच्या रांगेतून कोणी कोणाला सांगत होतं, ती बघ नवरीची आत्या, आईसारखं केलं तिने. नवरी समोर उभी होती, खांदे अगदी एका रेषेत, आणि एकदा माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. थोरली अगदी मागे दाराशी उभी होती, अंगठा तोंडात घालून. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं, आणि ते तिने दिलं. पोर नेली ते एकवेळ मी माफ करीन, पण हे कधीच नाही.