दोन उतारांची एकच माती

मी माती बोलतेय. म्हणजे अर्धी मी, अर्धी दुसरीच कुणी. प्रयोगशाळेच्या फडताळात आम्ही दोघी एकाच बरणीत आहोत आणि आमचं मुळीच पटत नाही.

मी डोंगराच्या सावलीकडच्या घळीतली. पावसानं वरून जे जे ढकललं, ते माझ्या पदरात पडलं. पाला कुजत गेला, मी काळीभोर झाले, चांगली पुरुषभर खोल झाले. अंगावर नेचे, शेवाळ, वेली, उंचच उंच झाडं. नुसती गर्दी! ही दुसरी उन्हाकडच्या धारेवरची. मुरमाड, जेमतेम वीतभर, पाणी टिकेल तर शपथ. तिच्याकडे काटेरी झुडपं आणि गवत. पण तीही आपली लेकरं नीट सांभाळायची, खोटं कशाला बोलू?

आम्हाला वेगवेगळ्या पिशव्यांत भरून आणलं ते संशोधक बाईंनी. डोंगरावर झाडं लावायची होती. कुठं कोणती, ते आमच्या तपासणीवरून ठरणार होतं.

बाईंचे साहेब आले. "दोन पिशव्या कशाला? डोंगर एकच आहे ना?"

"सर, घळीतलं झाड धारेवर तग धरत नाही. धारेवरचं घळीत कुजतं."

"अहो, मला एक आकडा द्या. करा मिक्स आणि व्हा मोकळ्या."

बाईंचा चेहरा पडला. तरी त्यांनी आम्हाला एका ट्रेमध्ये ओतून कालवलं आणि तपासणीतून उरलेल्या आम्हा दोघींना या बरणीत भरलं. मी ओरडले असते, पण मातीला कुठलं आलंय तोंड!

निकाल आला: मध्यम. अख्ख्या डोंगरात मध्यम अशी जागा होती कुठं? पण मध्यम मातीला साजेसं एक झाड निवडलं गेलं आणि ते सगळीकडे लावायला माझ्या घळीतलं रान तोडून साफ केलं.

पुढचं मी बाईंच्या तोंडूनच ऐकलं. फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगं ताई, धारेवरची रोपं वाळली, घळीतली कुजली. जुनं रान गेलं ते गेलंच. मी तेव्हा गप्प का बसले गं?" आणि रडायला लागल्या. मला त्यांचा राग होता, तरी वाईट वाटलं.

आज त्यांनी बरणी उचलली. "चल, तुला घरी सोडते."

या शब्दांसाठी मी किती झुरले होते! पण बाई, तिथं आता झाडांची सावली नाही, मला धरून ठेवायला एक मूळ नाही. पहिल्याच मोठ्या सरीत मी वाहून जाईन. नका नेऊ मला. ठेवा परत फडताळात. मी या बरणीत आहे तोवर ती घळ अर्धी मूठ तरी शिल्लक आहे.